टाळूचा वास

गोरेगावच्या रस्त्याला शेळ्या चारणारे एक मामा मला रोज भेटतात. हातात आलेली वस्तू आधी हुंगायची त्यांची सवय. भाकर असो की माझं वर्तमानपत्र.

एकदा आई मेलेल्या करडाला दुसरी शेळी जवळ येऊ देईना. मामांनी तिचंच दूध काढून करडाच्या अंगाला चोळलं. शेळीने हुंगलं, चाटलं आणि पाजलं.

"शेळी नाकानं लेकरू वळखती," मामा म्हणाले.

आम्ही तान्ही मुलगी दत्तक घेतली. नातेवाईक म्हणाले, "नाक काही आपल्या घरातलं नाही."

महिन्याभराने मामा तिला बघायला घरी आले, तेव्हा तेच नातेवाईक बसले होते. त्यांनी तिची टाळू हुंगली, मग माझ्या खांद्यावरचा टॉवेल हुंगला आणि नातेवाइकांसमोरच ओरडले, "बराबर! तुमचंच लेकरू हाय!"