धूर गेला कुठे?

आठल्येसरांची आणि माझी ओळख एका पातेल्यामुळे झाली. मी तेव्हा आठवीत होते, घणसोली गावातून एसटीने वाशीच्या शाळेत नुकतीच येऊ लागले होते. वाशी नवीकोरी होती. इमारती थोड्या आणि भरावाची माती फार. शनिवारचा शेवटचा तास होता. विज्ञानाचे नवे शिक्षक वर्गात आले ते एका हातात ॲल्युमिनियमचं पातेलं आणि दुसऱ्या हातात वातींचा स्टोव्ह घेऊन. दोन्ही टेबलावर ठेवून त्यांनी विचारलं, "भात कोणाकोणाला करता येतो?"

हात वर झाला तो माझ्या एकटीचाच. मागच्या बाकावर कोणीतरी फिदीफिदी हसलं. सर म्हणाले, "हसताय काय? आजपासून ही आपल्या प्रयोगशाळेची प्रमुख." प्रयोगशाळा म्हणजे ते पातेलं, एवढं सगळ्यांच्या लक्षात आलं, पण हसणारा मात्र गप्प बसला.

आज सरांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथाच्या संपादकांनी मला 'सरांच्या शैक्षणिक कार्याचा आढावा' घ्यायला सांगितलं आहे. आढावा इतर मान्यवर घेतीलच. मला त्या पातेल्याविषयी सांगायचं आहे, कारण त्याच्यामुळे माझं शिक्षण झालं. हे अतिशयोक्तीने म्हणत नाही. पुढे वाचा म्हणजे कळेल.

सरांची पद्धत साधी होती. दर शनिवारी एक वाटी तांदूळ, दोन वाट्या पाणी. तांदूळ तेच, पातेलं तेच. बदलायचं ते फक्त इंधन. एका शनिवारी लाकडं, पुढच्या शनिवारी कोळशाची शेगडी, मग रॉकेल, मग विजेची शेगडी. गॅसचा नंबर लागायला तेव्हा वर्षानुवर्षं थांबावं लागे, तरी सरांनी स्वतःच्या घरचा सिलिंडर सायकलच्या कॅरिअरला बांधून शाळेत आणला होता. त्या दिवशी त्यांच्या घरी सगळ्यांनी दुपार दडपे पोह्यांवर काढली, हे मला पुढे वहिनींकडून कळलं. वहिनी हे सांगताना आजही सरांकडे रागाने बघतात.

भात शिजेपर्यंत फळ्यावर रकाने भरायचे. किती वेळ लागला? पातेल्याला काजळी किती? हे इंधन कुठून आलं, आणि घरात ते कोण आणतं? मग सरांचा लाडका प्रश्न, "धूर गेला कुठे?" आणि शेवटचा रकाना, "उद्या पुन्हा मिळेल?"

विजेच्या शेगडीच्या दिवशी वाशीच्या नव्या सेक्टरमध्ये राहणारा अविनाश ऐटीत म्हणाला, "सर, हिला धूरच नाही!" सरांनी त्याला खिडकीपाशी नेलं आणि विचारलं, "वीज कशी करतात?" तो म्हणाला, कोळसा जाळून. "मग धूर आहे की. फक्त तुझ्या स्वयंपाकघरातून त्याची बदली झाली. ज्या गावात बदली झाली तिथल्या मुलांना विचार, धूर आहे की नाही ते." कोणी म्हणालं, धरणाच्या विजेला तर तोही नाही. सर म्हणाले, "नाही. पण तिथे काय बुडालं ते लिहा." आमच्या बाकावरच्या गाववाल्या मुली एकदम सावरून बसल्या. आमची भातखाचरं नव्या शहरासाठी जाणार, हे घरोघरी बोललं जात होतंच.

सर कोणत्याही इंधनाला चांगलं किंवा वाईट म्हणू देत नसत. रॉकेल आणि कोळसा जमिनीत तयार व्हायला कोट्यवधी वर्षं लागतात आणि आपण ते एका पिढीत फुंकून टाकतो, हे त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितलं की आम्ही त्यांच्या आवाजात ते म्हणून दाखवत असू. पण एकदा मी तावातावाने निबंधात 'रॉकेल हा मानवाचा शत्रू आहे' असं लिहिलं, तर सरांनी समासात लिहिलं, "हा निबंध कोणत्या दिव्याखाली लिहिलास?" दिवा रॉकेलचाच होता. मला असा राग आला म्हणून सांगू!

आता घरचं सांगते. माझ्या आईला खोकला होता. आमचं घर गावठाणात, भिंतीला भिंत लागून. चुलीचा धूर बाहेर जायचा तरी कुठून? बाबा मिठागरावर जायचे, पहाटे निघायचे, त्यामुळे आई अंधारातच चुलीपुढे बसायची. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की हिला चुलीपुढे बसू देऊ नका. मग बसायचं कोणी? घरात मोठी मुलगी मीच. माझी आठवी संपली की शाळा बंद, असं ठरल्यातच जमा होतं.

त्यातून मला वाचवलं ते गोबरगॅसने. आमचे दोन बैल होते आणि एक म्हैस. गोबरगॅसची योजना गावात आली तेव्हा बाबा तयार नव्हते; शेणावर शिजवलेलं खायचं म्हणजे काहीतरीच! सर रविवारी घरी आले, बाबांशेजारी ओट्यावर बसले आणि पहिला तासभर नुसतं मीठ कसं पिकतं तेच विचारत राहिले. खाऱ्या पाण्याचे किती वाफे, ऊन कमी झालं तर काय होतं, वारा कोणता लागतो. बाबा खुलले. "म्हणजे तुमचा अख्खा कारखाना सूर्यावर चालतो," सर म्हणाले, "आणि तुम्ही शेणाला घाबरता?" बाबा हसले आणि अर्जावर अंगठा उठवला.

परसात खड्डा खणला गेला, त्यावर गॅस साठवणारा लोखंडी ढोल बसला. पहिल्या दिवशी आईने काडी लावली, निळी ज्योत उठली. ती वाकून बघत म्हणाली, "या बाय, याला धूरच नाय!" दोन महिन्यांत तिचा खोकला निम्म्यावर आला. माझी नववी सुरू झाली. सरांनी वर्गात फळ्यावर लिहिलं: गोबरगॅस. उद्या पुन्हा मिळेल? होय.

ते 'होय' वर्षभरही टिकलं नाही. आमची खाचरं नव्या शहरात गेली. खाचरं गेल्यावर बैल कशाला? विकले. म्हशीला चरायला जागा उरली नाही, तीही गेली. शेण संपलं तसा ढोल रोज थोडा थोडा खाली बसत गेला आणि एक दिवस शेगडीने नुसता फुस्स आवाज केला. आईने चूल सारवली आणि जळणाची फाटी पेटवली. पंधरा दिवसांत खोकला परत आला, आणि त्याच्या मागोमाग माझ्या शाळेचा विषयही.

शनिवारी सर उजळणी घेत होते. कधीही न संपणारी इंधनं कोणती, असं विचारत त्यांनी गोबरगॅसवर बोट ठेवलं. मी उभी राहिले. माझा आवाज चढला होता हे मला आठवतं. "सर, खोडा ते. शेण पुन्हा पुन्हा मिळतं असं तुम्ही म्हणालात. बैलच विकले तर कुठून मिळणार?"

सरांना याआधी कोणी 'खोडा' म्हणालं नव्हतं. सरांनी डस्टर उचललं, 'होय' पुसलं आणि त्या जागी लिहिलं, "कशावर अवलंबून?" मग वर्गाकडे वळून म्हणाले, "हे मला सुचायला हवं होतं. सूर्य, वारा, शेण, पाणी संपत नाही असं आपण पुस्तकात वाचतो. पण ते आपल्या चुलीपर्यंत ज्या वाटेने येतं ती वाट संपू शकते." त्या दिवसापासून आमच्या वर्गात कोणालाही नुसतं 'होय' लिहायची मुभा राहिली नाही.

पुढच्या रविवारी सर पुन्हा घणसोलीला हजर. या वेळी सायकलवर एक लाकडी पेटी होती, आतून काळी रंगवलेली, वर काच, झाकणाला आरसा. सूर्यचूल! स्वतः सुताराशेजारी बसून केलेली. सरांनी ती अंगणात ठेवली, आत तांदळाचा डबा सरकवला आणि दोन तासांनी उघडला. भात असा मोकळा झाला होता की शेजारपाजारच्या बायका बघायला जमल्या. सरांचा चेहरा काय फुलला होता! त्यांनी आईला अगदी नमस्कार करून सांगितलं, "आता चूल विझवा. आणि पोरीला दहावीला बसवा."

आईने भात चाखला. मान डोलावली. मग पदराने हात पुसत म्हणाली, "मास्तर, भात झ्याक झाला. पन आमची मानसा पाटंचे मिठावं जातान. तवा तुमचा सूर्य उठतं का? आनि या पेटीत भाकर कशी भाजू?"

वर्षभर सरांनी फळ्यावर पातेलं, इंधन, धूर, काजळी सगळं मोजलं होतं. पण आमचा भात नेहमी शनिवारी अकरा वाजता शिजायचा, शाळेच्या वेळेला. आमच्या घरात स्वयंपाक किती वाजता होतो हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं, आणि मी, प्रयोगशाळेची प्रमुख, मीही कधी सांगितलं नव्हतं! रोज पहाटे माझ्या डोळ्यांदेखत होणारी गोष्ट मला विज्ञानाची वाटलीच नव्हती.

दुसरे कोणी असते तर पेटी उचलून निघून गेले असते. सर ओट्यावर बसले, वही काढली आणि आईला म्हणाले, "ताई, आता तुम्ही सांगा, मी लिहितो. पहाटे उठल्यापासून सुरू करा." आईने सांगितलं आणि सरांनी लिहिलं. किती भाकऱ्या, किती वेळ, कोणती लाकडं. सोमवारी वर्गात फळ्यावर एक नवा रकाना आला, "कोणाच्या वेळेला?" आणि त्याखाली सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं की हा रकाना घणसोलीच्या हिराबाईंनी सुचवला आहे. हिराबाई म्हणजे माझी आई. माझ्या आईचं नाव शाळेच्या फळ्यावर! मी घरी जाऊन सांगितलं तर तिला खरंच वाटेना.

मग उरली ती लाकडाचीच चूल, पण बिनधुराची. सर कुठूनसे कागदावरचे आराखडे घेऊन आले आणि आईबरोबर चिखल तुडवायला बसले, धोतराचा काष्टा मारून. पहिली चूल चिरली. दुसरी पेटवली तर सगळा धूर घरात, सरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. आराखड्यात धूर बाहेर नेणारी नळी पश्चिमेच्या, खाडीकडच्या भिंतीत होती. आई म्हणाली, "खारीचा वारा त्याच बाजूचा हाय, मास्तर. तो धूर परत आत ढकलतं." तिने नळी उलट्या बाजूला काढायला लावली. तिसरी चूल पेटली, धूर वर गेला, आणि सर अंगणात धावत जाऊन छपराकडे बघत ओरडले, "गेला! गेला!" त्या दिवशी ते आमच्याकडे तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ जेवले. नको नको म्हणत चार भाकऱ्या.

आईचा खोकला पूर्ण गेला नाही, पण ती चुलीपुढे बसू शकली, आणि म्हणून मला बसावं लागलं नाही. मी दहावी झाले, पुढे शिकले, आणि आज त्याच शाळेत त्याच वर्गाला विज्ञान शिकवते. पातेलंही तेच आहे. हल्ली मुलं विचारतात, बाई, सगळ्यांत चांगलं इंधन कोणतं? मी त्यांना आधी विचारते, तुमच्या घरी पहिली चूल किती वाजता पेटते?

बिनधुराच्या चुलीची नळी वर्षातून एकदा झाडावी लागते, नाहीतर काजळी साचून धूर उलटतो. पहिल्या वर्षी सर स्वतः बांबूला काथ्या बांधून आले, कारण 'मी बसवलेली नळी, मीच झाडणार'. तेव्हापासून दर वर्षी दिवाळीआधीचा एक रविवार आमच्या घराचा. सर येतात, नळी झाडतात, काळेकुट्ट होतात, आई त्यांना गरम पाणी देते आणि भाकरी वाढते. आता आमच्याकडे गॅसचाही नंबर लागला आहे. पण पहाटेच्या भाकऱ्या आई अजून चुलीवरच करते, आणि ती चूल अजून धूर बाहेरच टाकते.

सरांना दीर्घायुष्य लाभो, असं लिहून मी लेख संपवत होते. पण सरांच्या वर्गात नुसती इच्छा लिहून चालत नाही, कशावर अवलंबून तेही लिहावं लागतं. म्हणून लिहिते: सर, आपण सकाळचं फिरणं चुकवू नये, पथ्य सांभाळावं, वहिनींचं ऐकावं आणि शिडीवर चढताना खालून कोणाला तरी धरायला सांगावं. एवढं केलंत तर आपली शंभरी आम्ही याच मंडळींसह साजरी करू, याबद्दल मला शंका नाही.

हा लेख मी आईला वाचून दाखवला. मग विचारलं, तुला सरांना काही सांगायचं आहे का? ती खोकली आणि म्हणाली, "सांग मास्तरला, साठ झाली म्हनून सुटी नाय. दिवाली आली. नली झाराची हाय."