मी घासलेली राजधानी

नातवंडांनो, मी पाठवलेली जुनी समई तुम्ही घासून आरशासारखी केलीत, असं तुमच्या आईनं काल फोनवर कौतुकानं सांगितलं. म्हणून हे आजच लिहिते. हा गुण तुमच्यात माझ्याकडून आलाय.

पोलीस ॲक्शन होऊन निजामाचं राज्य गेलं, त्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. मी शहरातल्या उस्मानपुऱ्यात नवी सून. इंग्रजी शिकलेली, आणि प्रत्येक वस्तू जागच्या जागी ठेवणारी. सासऱ्यांचं शेत पैठणला, जुन्या वस्तीच्या टेकाडाला लागून. तिथं नांगरताना सापडलेली तांब्याची पाच नाणी त्यांनी डब्यात जपली होती. आपलं शेत म्हणजे सातवाहनांची राजधानी, असं त्यांनी साऱ्या गल्लीला सांगून ठेवलं होतं. गल्ली हसायची. शेवटी त्यांनी कॉलेजातल्या इतिहासाच्या प्राध्यापकांनाच चहाला बोलावलं.

पाहुणे येणार म्हणून मी सकाळी सगळी भांडी चिंच-राखेनं घासली. नाणीही. दोनदा.

प्राध्यापकांनी एक नाणं खिडकीशी धरलं. "यावर काय होतं?"

"हत्ती व्हता की!" सासरे म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "सूनबाई, हत्ती घासून टाकला व्हय?"

"मळ वाटला, मामा."

"लई शिकलेली सून आणली म्या! दोन हजार वर्षांचा राजा भांड्यांत धुतला!"

प्राध्यापकांनी हसू कपात लपवलं. "हत्ती असता तरी भागलं नसतं. नाणी व्यापाऱ्याच्या कमरेला बसून कुठंही जातात. राजधानी सिद्ध करायला तिचं नाव जुन्या ग्रंथांत असावं लागतं, जमिनीत वस्तीचे थर लागतात. आणि जागचं हललं नाही असं काहीतरी लागतं."

सासऱ्यांचा चेहरा पडला. मला राहवलं नाही. "मामा, शेतातली ती भाजलेल्या मातीची मोठाली कडी? त्यातलं एक मी तुळशीभोवती लावायला आणलं ते?"

प्राध्यापकांनी कप खाली ठेवला. "एकावर एक रचलेली होती?"

"हो. खाली अजून आहेत."

"घासलं नाही ना?"

"वेळ मिळाला नाही."

दुसऱ्याच दिवशी ते एस.टी.नं शेतावर गेले. ती एकावर एक कडी रचून बांधलेली जुनी विहीर निघाली, जागची न हललेली. ग्रंथांतली सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान म्हणजेच पैठण, हे ठरलेलंच होतं. तुमचं शेत त्याच नगराच्या पोटात आहे, असं त्यांनी सासऱ्यांना सांगितलं. सासऱ्यांनी ते घरोघरी जाऊन ऐकवलं. हत्तीचा विषय मात्र गाळला.

पाचही नाणी माझ्या कपाटात आहेत, गुळगुळीत. ते कडं अंगणात तुळशीभोवती आहे, मातीसकट.