बाईंची इंग्रजी पोथी

"आता पुढे वाईट आहे हं!"

हे वाक्य बाई अशा आवाजात म्हणायच्या की ऐकणाऱ्याला वाटावं, आता पानात जिलबी पडणार. चष्मा कपाळावर सरकवायचा, पुस्तकात बोट घालून ते मिटायचं, सगळ्यांकडे एकदा डोळे मोठे करून बघायचं आणि मग हे सांगायचं. त्यानंतर आमच्यातली एकही बाई जागची हलत नसे. घरात दूध उतू जात असलं तरी जाऊ दे म्हणत असे.

तुमच्याही पाहण्यात अशी माणसं असतील. माशी मारायची झाली तरी जिवावर येतं, पण गोष्टीत खून पडला की चेहरा खुलतो. बाई त्यातल्या. त्या कल्याणला मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायच्या आणि डोंबिवलीला आमच्या चाळीत शेवटच्या खोलीत एकट्या राहायच्या. लग्न का केलं नाही, हे विचारायची कुणाची छाती नव्हती. खोलीत झुरळ निघालं की माझ्या यजमानांना हाक यायची, "अहो, जरा येता का? मारू नका हं त्याला, बाहेर सोडा."

आणि याच बाई कल्याणच्या रद्दीवाल्याकडे तासन् तास बसायच्या. युद्ध संपलं, तिथल्या लष्करी छावण्या रिकाम्या झाल्या आणि गोऱ्या सोजिरांनी मागे टाकलेली पुस्तकं रद्दीत आली. बाई त्यातून बुडालेल्या बोटी, ओसाड बेटं, बर्फात अडकलेली माणसं, उपासमार आणि दगाबाजी असला माल तेवढा निवडून आणायच्या. मी तेव्हा नवीनच लग्न होऊन आले होते. एकदा न राहवून विचारलं, "बाई, इतकी भयंकर पुस्तकं कशाला हो वाचता?"

"अगं, पोट भरलेलं असलं की कुणीही चांगलं वागतं," त्या म्हणाल्या. "चार दिवस पाणी मिळालं नाही की मग कळतं, कोण कसं आहे. मला ते बघायचं असतं." एवढं बोलून त्यांनी माझ्यापुढे चहा आणि शंकरपाळे ठेवले.

त्या वर्षी अधिक वैशाख आला होता, म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात आमच्या चाळीत पोथी लागायची. दुपारी कामं आटोपून आम्ही बायका काकूंच्या दारापुढच्या गॅलरीत जमायचो, कापसाच्या वाती वळायचो आणि शेजारचे पुराणिक पोथी वाचायचे. काकू म्हणजे चाळीतली सर्वांत वडील बाई. सोवळं कडक आणि जीभ त्याहून कडक. घरात त्या आणि त्यांची सून कुसुम, अशा दोघीच. कुसुमचा नवरा मालाच्या बोटीवर कामाला होता. लग्नानंतर वर्षभरात जो गेला, त्याचा दोन वर्षं पत्ता नव्हता. कुसुम माझ्याच वयाची. तिच्या गळ्यातलं मंगळसूत्र बघून काय बोलावं ते आम्हाला कळत नसे, म्हणून त्याविषयी कुणी बोलतच नसे.

नेमके त्या वर्षी पुराणिक आजारी पडून शहाडला लेकीकडे गेले. काकूंच्या डोळ्यांत मोतीबिंदू. आम्हा सुनांचे आवाज चिमणीचे. खणखणीत आवाज बाईंचाच, आणि शाळेला सुट्टी. काकू स्वतः त्यांच्या दारात गेल्या.

"पोथीची भाषा मला नाही हो जमायची, अडखळेन मी," बाई म्हणाल्या. "त्यापेक्षा मी दुसरं सांगते. पुस्तक इंग्रजी आहे, पण मी मराठीतून सांगेन."

"पण त्यात आहे काय?"

"माणसाचं मन कसं असतं आणि त्याला मोह कसा पडतो, ते सगळं आहे."

काकूंना वाटलं, म्हणजे अध्यात्मच. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाट मांडला, त्यावर लाल खण घातला, त्या सोजिराच्या पुस्तकाला हळदकुंकू आणि मोगऱ्याचं फूल वाहिलं आणि नारळ वाढवला. वरच्या पुठ्ठ्यावर बुडत्या बोटीचं चित्र होतं. काकूंनी त्यालाही नमस्कार केला. बाईंनी काही सांगायचा प्रयत्न केला, पण तोपर्यंत उदबत्ती लागली होती.

आणि सुरू झाली ती गोष्ट! बोट खडकावर आपटते, फुटते. सात-आठ जण पोहत एका ओसाड बेटावर लागतात. बेटावर झाड नाही, झुडूप नाही, फक्त एक झरा. बाई कप्तानाला नाखवा म्हणायच्या, म्हणून तो आम्हाला लगेच ओळखीचा वाटला. एक दांडगा सुतार होता आणि एक गरीब स्वभावाचा कारकून. हा कारकून आम्हाला पहिल्याच दिवशी आवडला, कारण तो सगळ्यांना ओंजळीओंजळीने पाणी वाटून द्यायचा. पहिले दोन दिवस काकू मान डोलवत होत्या. तिसऱ्या दिवशी झरा आटायला लागला, आणि सुताराने नाखव्याला ढकललं कड्यावरून.

"अगंबाई!" काकू ओरडल्या. "मेला तो?"

"मेला."

"आणि देव कुठेय यात?"

"अजून तरी आला नाही," बाई शांतपणे म्हणाल्या.

काकूंची पंचाईत अशी झाली की काही विचारू नका. हे असलं ऐकायचं नाही म्हणावं, तर पोथी लावून झालेली. नारळ वाढवून, फूल वाहून लावलेली पोथी अर्धवट सोडायची नाही, हा त्यांचाच दंडक. तशी सोडली असती तर सगळ्या चाळीला दोष लागला असता. शेवटी त्यांनी कपाळाला हात लावला आणि म्हणाल्या, "वाचा. काय व्हायचं असेल ते होऊ दे."

झालं! चाळीचा नूरच पालटला. आमटीला फोडणी घालतानासुद्धा डोक्यात सुतार. आमच्या विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं आणि प्रत्येक घराला दोन कळश्या अशी पाळी लावली होती, त्यामुळे तो झरा आम्हाला फारच जवळचा वाटत होता. विहिरीवर दोन पक्ष पडले. एक म्हणे, सुताराला बांधून घाला. दुसरा म्हणे, अंगात जोर त्याच्या एकट्याच्या आहे, उद्या खोदायची वेळ आली तर कोण खोदणार? एक दिवस या वादात दोघींनी एकमेकींच्या कळश्या उपड्या केल्या. तेवढं पाणी वाया गेलं आणि दोघी लहान मुलींसारख्या रडल्या. बाईंना हे कळलं तेव्हा त्या आनंदाने टाळ्या पिटत म्हणाल्या, "बघा! अगदी पुस्तकातल्यासारखं!"

पुरुष संध्याकाळी कचेरीतून येत ते चपला काढायच्या आधी विचारत, "आज कोण गेलं?" आमचे यजमान तर पानावर बसून भात कालवता कालवता थांबायचे. मी मुद्दाम ताक वाढायला उठायची आणि त्यांना ताटकळत ठेवायची. तेवढी गंमत त्या महिन्यात मी पुरेपूर करून घेतली.

मग गोष्ट वळली. सुताराला कुणी मारलं, तर आमच्या त्या ओंजळीने पाणी वाटणाऱ्या कारकुनाने! सुतार झोपलेला असताना, दगडाने. त्यानंतर कारकुनाने झरा आपल्या ताब्यात घेतला. एकेक माणूस गेला आणि तो बेटावर एकटा उरला. स्वतःशी बोलायला लागला, दाढी छातीपर्यंत आली. वाती वळता वळता सगळ्या चुकचुकत होत्या. कुसुम मात्र हातातला कापूस तसाच धरून बाईंकडे बघत बसायची. एक दिवस जाताना तिने हळूच विचारलं, "बाई, खरंच असं होतं? माणूस कुठल्या बेटावर असतो, म्हणून पत्र येत नाही, असं?"

बाईंनी चष्मा पुसला. "होतं कधी कधी," त्या म्हणाल्या. गोष्ट सांगताना त्यांचा आवाज कधी पडायचा नाही, तो तेव्हा पडला.

समाप्तीच्या आदल्या दिवशी मी काकूंकडे अनारसे तळायला गेले होते. बाई आल्या. काकूंनी कुसुमला पाण्याला पाठवलं आणि सरळ विषयाला हात घातला.

"शेवट काय आहे?"

"बोट येते," बाई म्हणाल्या. "खलाशी उतरतात, हाका मारतात. तो सगळं ऐकतो आणि खडकाआड लपून बसतो. एवढं करून तेच तोंड घेऊन माणसांत जायची त्याला लाज वाटते. बोट निघून जाते."

"तसं सांगू नका. त्याला बोटीत बसवा, घरी आणा. पोथीचा शेवट गोडच असतो."

"काकू, लिहिलंय ते मी बदलत नाही."

काकूंनी कढई खाली उतरवली. मी उठायला लागले तर मला म्हणाल्या, "बस, तू काही परकी नाहीस." मग म्हणाल्या, "आमचाही जिवंत आहे. त्याच्या बोटीवरचा माणूस मुंबईत गोदीवर भेटला होता माझ्या भावाला. तिकडे कुठल्याशा बंदरात दुसरं बिऱ्हाड केलंय त्याने. कुसुमला ठाऊक नाही. तिला कळलं तर ती माहेरी निघून जाईल. मग या खोलीत मी एकटी काय करू, सांगा?"

मला हातातला अनारसा खाली ठेवायचं सुचेना. काकूंचा राग येत होता आणि त्यांची कीवही येत होती. बाई उठल्या. जाताना एवढंच म्हणाल्या, "बेटावरच्या त्या माणसालाही एकटेपणाचीच भीती होती हो सुरुवातीला."

समाप्तीला अख्खी चाळ लोटली. रविवार होता म्हणून पुरुषही भिंतीला टेकून उभे होते. पुस्तकाला हार घातला होता. बोट दिसल्याचं बाईंनी सांगितलं तेव्हा मागून कुणीतरी "आली!" म्हणून ओरडलं. काकू बाईंकडे टक लावून बघत होत्या. बाई थांबल्या. पुस्तक मिटलं, उघडलं. मला वाटलं, बदलतात आता.

तेवढ्यात कुसुम म्हणाली, "बाई, आहे तसं सांगा हं."

आणि बाईंनी आहे तसं सांगितलं. खलाशांच्या हाका सांगितल्या, खडकाआड दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबून बसलेला कारकून सांगितला आणि लहान लहान होत गेलेलं शीड सांगितलं. पुस्तक खाली ठेवलं तेव्हा आमच्यातली निम्मी माणसं रडत होती. रामाच्या वनवासाला सुद्धा इतकं कुणी रडलं नसेल.

"म्हणजे तो जिवंत होता," कुसुम म्हणाली, "आणि आला नाही."

"हो."

"घरी कुणी वाट बघत होतं का त्याची?"

"बायको होती. तिच्याबद्दल पुस्तकात फारसं काही नाही."

आता आरती करायची होती आणि तबक काकूंच्या हातात होतं. काकू उठल्या, पुन्हा खाली बसल्या आणि सगळ्या चाळीसमोर म्हणाल्या, "कुसुम, आमचाही तसाच आहे गं. जिवंत आहे आणि येणार नाही. मला वर्षभर ठाऊक आहे."

कुसुमने सासूच्या हातातलं तबक घेतलं, निरांजन लावलं आणि आरती स्वतः केली. मग सगळ्यांना अनारसे वाटले. काकूंच्या हातावर तिने दोन ठेवले. त्या खाईनात, तेव्हा म्हणाली, "खा. उपाशी राहून काय होणार आहे?"

माहेरी ती गेलीच नाही. पावसाळ्यात ती बाईंकडे अभ्यासाला बसायला लागली, सातवीच्या फायनलची परीक्षा दिली, ट्रेनिंग केलं आणि कोपरच्या बाजूला एका शाळेत शिक्षिका झाली. संध्याकाळी ती शाळेतून आली की काकू दारातूनच ओरडायच्या, "किती उशीर!" काकू बाईंशी मात्र सहा महिने बोलल्या नाहीत. एक दिवस अचानक त्यांच्या दारात जाऊन म्हणाल्या, "मंडळी फार मागे लागलीत हो. तुमच्याकडे ती बर्फातली एक आहे ना? लावा ती. पण त्यात कुणी कुणाला खात नाही ना?" बाई म्हणाल्या, "खातात." काकूंनी सुस्कारा टाकला आणि नारळ आणायला निघाल्या.

पुढे बाईंना ठाण्याच्या शाळेत जागा मिळाली आणि त्या टेंभी नाक्याजवळ राहायला गेल्या. सणावाराला यायच्या, येताना एखादं भयंकर पुस्तक घेऊन. मग एका पावसाळ्यात त्या तापाने गेल्या. आठवडाभराचं दुखणं, त्यातले शेवटचे दिवस कुसुम उशाशी होती. जवळचं नात्यातलं कुणी नव्हतं. जे करायचं ते शाळेतल्या लोकांनी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला हाक मारली. मी गेले तर त्या आणि कुसुम देवघरापासून लांब, भिंतीशी बसलेल्या. चूल थंड होती.

"देव उचल आणि तुझ्याकडे ने," काकू म्हणाल्या. "दहा दिवस आम्हाला शिवता यायचे नाहीत. सुतक आहे."

बाईंचं आणि त्यांचं ना गोत एक, ना कुळ, ना जात. सोवळ्याओवळ्यासाठी अख्ख्या चाळीला धारेवर धरणाऱ्या काकू हे म्हणत होत्या. मी वेड्यासारखं विचारलं, "काकू, कोणाचं सुतक?"

"आमच्या घरातलं माणूस गेलं," काकू म्हणाल्या आणि कुसुमच्या हातावर हात ठेवून तशाच बसून राहिल्या. मी त्यांचे देव ताम्हनात घेतले आणि दार ओढून बाहेर आले.