उजव्या खांद्याची सुपारी

तात्या मोटारीला कान लावत. बारामती-इंदापूर रस्त्यावर त्यांची सर्व्हिस मोटार होती. आवाज जरा बदलला, की ते गाडी कडेला घेत, लांब पेचकसाचे टोक इंजिनावर टेकवत आणि मुठीला कान लावून डोळे मिटत. उतारू खोळंबलेले.

"तात्या, काय म्हणतीया सासुरवाशीण?"

"तुझ्यापरीस खरं बोलतीया. यंत्र खोटं बोलत न्हाय."

हे त्यांचे पालुपद. माझे वडील लवकर गेले; तात्या त्यांचे जिवलग मित्र. इंजिन उघडायला, पुसायला आणि पुन्हा बसवायला मला तात्यांनीच शिकवले. काढलेला प्रत्येक भाग फडक्यावर ओळीने मांडायचा, ही माझी सवयही त्यांचीच. एकोणीसशे तीसच्या सुमारास मी पुण्याला विमान शिकायला निघालो, तेव्हा आई रडत होती आणि तात्या मोटारीतल्या प्रत्येकाला सांगत होते, "आमचं पोरगं आता वरनं जाणार. तुमी बसा धूळ खात."

वैमानिकाचा धंद्याचा परवाना मिळाला आणि दोन नोकऱ्या समोर आल्या. एक कराचीच्या टपाल विमानांवर: पगार बेताचा, पण रोज उड्डाण. दुसरी जवळच्या एका संस्थानिकाकडे: पगार दुप्पट, राहायला बंगली, पण विमान मुख्यतः पाहुण्यांना दाखवण्यापुरते. आमच्या धंद्यात माणूस उड्डाणाच्या तासांवर वर चढतो. मी कागदावर दोन रकाने आखले. कराची स्पष्ट जड होती.

तात्यांनी कागद नीट वाचला. "बराबर हाय. तरी देवाला इचारू. आईचं समाधान."

तात्या जातीने गुरव. आमच्या गावच्या, वरकुट्याच्या देवळातला कौल तेच लावत. देवाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या सुपाऱ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "टपालाची नोकरी धरू का?" असे मी विचारले. डावी पडली. आईने हात जोडले. मी कराचीला नकार कळवला.

संस्थानात मी विमान पुसले, फार. सणासुदीला राजवाड्यावरून दोन फेऱ्या मारल्या. पुढे राजेसाहेबांचे मन घोड्यांवर गेले आणि विमान विकले गेले. मी कराचीला पुन्हा लिहिले. उत्तर आले, इतक्या थोड्या तासांचा माणूस आता आम्हाला चालत नाही.

उत्तरेकडच्या एका फ्लाइंग क्लबाने शिकवण्यासाठी बोलावले. आईने पुन्हा कौलाचा हट्ट धरला. पुन्हा डावीच पडली. उजवी मात्र आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तरी हलेना. ती गुरवानेच काढायची, पण मी हात घातला. बोट काळे झाले. वास घेतला. चाकांना घालतात ते घट्ट, चिकट ग्रीस होते.

"तात्या, मागल्या बारीला बी?"

"व्हय."

"का?"

"मोटार बंद पडली तर कडंला घेता येती. इमान कुठं घ्यायचं? तुझ्या आईला मी काय तोंड दावलं असतं?"

"मग मला तोंडावर सांगायचं."

"सांगून तू थांबला असतास व्हय?"

"नसतो थांबलो. म्हणून देवाकडून खोटं वदवून घेतलंत?"

त्यांनी देवाचा खांदा फडक्याने पुसून घेतला. मी गावात कोणालाही बोललो नाही. बोललो असतो तर त्या देवळात पुन्हा कोणी कौल लावला नसता. परवानगीही कोणाची घेतली नाही. सामान बांधले.

बारामती स्टेशनावर मला तात्यांनीच सोडले. उतरताना म्हणाले, "आता कवा येशील?"

"देवाला विचारा," मी म्हणालो.

डब्यातून पाहिले. त्यांनी मोटारीचे बॉनेट उघडले होते. पेचकस टेकवून, मुठीला कान लावून, आमची गाडी सुटेपर्यंत ते डोळे मिटून उभे होते. त्या इंजिनात काही बिघाड नव्हता. सबंध वाट मी ते ऐकत आलो होतो. ऐकायला त्यांनीच शिकवले होते.