लीलाबाईच्या किचनातला उसना धूर

"हा धूर कुठून आनला रे, गौरांग?"

"काकू, तो इफेक्ट आहे."

"माह्या किचनमंदी धूर नाई. चूल नाई. ह्या मातीच्या भिंती नाईत. अन् डोक्यावर पदर कोनं टाकला? माही निळी टोपी होती ना?"

"ती टोपी फोटोत जरा विचित्र दिसत होती, काकू. बाकी चेहरा तुमचाच आहे."

"चेहरा बी माहा नाई. एवढ्या सुरकुत्या माह्या सासूले नोत्या, अन् थे नव्वदीत गेली. अन् हे कुंकू पाय! बाप्पा, रुपयाएवढं हाये. म्या जल्मात लावलं नाई."

"काकू, पण फर्स्ट प्राइझ मिळालंय!"

"कोनाले?"

यावर गौरांगानं मोबाइल खिशात घातला आणि आपला डबा कोणता ते शोधायला लागला.

हे बोलणं झालं जर्मनीतल्या नेकारसुल्ममधल्या एका बंद पडलेल्या बेकरीच्या मागच्या खोलीत, गुरुवारी दुपारी, डबे भरायच्या वेळेला. लीलाबाई गोंडाणे दर्यापूर तालुक्यातली. एकोणीस वर्षांमागं नवऱ्यामागं इथं आली. नवरा नामदेव गाड्यांच्या कारखान्यात रंगाच्या विभागात आहे. पहिली सहा वर्षं बाईनं ऑफिसं झाडली. मग नामदेवच्या दोन सड्याफटिंग दोस्तांना डबा सुरू केला, दोनाचे पाच झाले, पाचाचे पस्तीस. घरच्या ओट्यावर पस्तीस डबे करणं इथं चालत नाही. मग बाईनं ही बेकरी भाड्यानं घेतली. भिंतींना छतापर्यंत पांढऱ्या फरशा, स्टीलची टेबलं, वर जुनाच पण घासूनपुसून लख्ख केलेला धूर ओढायचा पंखा. गेझुंडहाइट्सआम्टात, म्हणजे इथल्या आरोग्य कचेरीत जाऊन जर्मनमधून स्वच्छतेचा वर्ग ऐकला आणि त्याचा कागद घेतला. लोक भिंतीवर लग्नाचा फोटो लावतात, लीलाबाईनं तो कागद फ्रेम करून लावला. बरोबरच केलं. लग्न काय, कोणाचंही होतं.

गौरांग हा तिचा डब्याचा गिऱ्हाईक. पगार जाडा, पुण्यात बाणेरला सातव्या मजल्यावर वाढलेला, इंजिनिअर. चार वर्षांपासून फोटोचा नाद. अशा माणसाला धुराचं भारी प्रेम असतं, कारण धूर कधी डोळ्यांत गेलेला नसतो. उन्हाळ्यात तो कॅमेरा घेऊन किचनात आला होता. "काकू, तुम्ही तुमचं काम करा, मी कँडिड घेतो." लीलाबाई पोळ्या लाटत होती. निळी टोपी, निळे हातमोजे, मागं पिवळी बादली, वर पांढरीफट्ट ट्यूबलाइट. त्यानं ऐंशी फोटो काढले, चार पोळ्या खाल्ल्या आणि गेला.

पुढं मराठी मंडळाची फोटोस्पर्धा निघाली. नियमात एक ओळ होती: फार एडिटिंग नको. फार म्हणजे किती, यावर कमिटी दोन तास बसली. गाडीचा दरवाजा मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजणारी ही माणसं, चहा पिऊन शेवटी ठरवलं काय, तर "थोडंफार चालेल". आमच्याकडं बैलाच्या बाजारातला दलालसुद्धा याहून पक्कं बोलतो.

आता यात लीलाबाईची चूक एवढीच झाली, की निवडीचा निरोप आला तेव्हा फोटो न पाहताच तिनं फ्राऊ लोरेन्झला रविवारच्या प्रदर्शनाचं आमंत्रण दिलं. फ्राऊ लोरेन्झ म्हणजे गावातल्या एका बालवाडीची मुख्य बाई. शुक्रवारी चाळीस पोरांना वरणभात, तूप, काकडी असं जेवण लीलाबाईकडून घ्यावं की नाही, हे तिच्या हातात होतं. मार्चात तिनं वरण चाखून दोनदा मागितलं होतं. आता किचनाबद्दल खात्री तेवढी राहिली होती. लीलाबाईला वाटलं, पाहून घेईल बाई, आपलं किचन भिंतीवर लागणार, तेही मोठ्या आकारात. आणि भिंतीवर काय लागणार होतं? मातीची चूल, काळी भिंत, उघडे हात, धूर. खाली जर्मनमध्ये चिठ्ठी: "भारतीय आई आपल्या चुलीपाशी, नेकारसुल्म."

त्या शेवटच्या शब्दानं घात केला. दर्यापूर लिहिलं असतं तर निदान बाई म्हणाली असती, जुना दिसतो.

"काढून टाक थो फोटो," लीलाबाई म्हणाली.

"काकू, निकाल लागलाय. आणि एडिटिंग सगळेच करतात. कॅमेरा स्वतःच करतो! क्रॉप चालतो, ब्राइटनेस चालतो, मग मूड का नाही चालत? लाइन कुठे ओढायची, सांगा ना तुम्हीच."

"सांगतो. पालकाची जुडी निवडताना किडकं पान काढलं, चालते. माती धुतली, चालते. पन पालकात चवळीचा पाला मिसळवून पालक म्हनून इकला, तं गिऱ्हाईक थोबाड फोडते. तुले हे बी शिकवा लागते?"

"आर्ट वेगळं असतं, काकू."

"मंग आर्टच खाय आज." तिनं त्याच्या हातातला डबा काढून घेतला. मग काय वाटलं कोण जाणे, परत दिला. पोळ्या वाया गेल्या असत्या.

घरी तिनं मोबाइलवर आलेला तो फोटो मुलीला, अपेक्षाला दाखवला. पोरगी सतरा वर्षांची, मराठी सगळं समजतं पण उत्तर जर्मनमधूनच देते. तिनं एक नजर टाकली आणि म्हणाली, "दास बिस्ट डू निष्ट, मामा." ही तू नाहीसच, आई. पोरीनं एका वाक्यात जे सांगितलं, ते कमिटीला दोन तासांत उमजलं नव्हतं.

नामदेव मात्र हसला. त्याचं कामच फोटोचं. रंग मारलेल्या दारावर ओरखडा दिसला की बाजूला मोजपट्टी धरायची, फोटो काढायचा, नोंदवायचा.

"अहो, थ्या फोटोतला ओरखडा एखाद्यानं पुसला तं?" लीलाबाईनं विचारलं.

"तं तो मानूस दुसऱ्या दिवशी घरी."

"अन् नसलेला ओरखडा काढला तं?"

नामदेवनं जरा विचार केला. "असा येडा अजून आमच्याकडं आला नाई."

रविवारी प्रदर्शन होतं, शहराच्या वाचनालयात, सकाळी अकराला. लीलाबाईनं कमिटीवाल्यांना गाठून फोटो उतरवायला पुन्हा सांगून पाहिलं. एक जण म्हणाला, "अहो काकू, जर्मन लोकांना आपली संस्कृती दिसते ना." म्हणजे बघा, सातव्या मजल्यावर लिफ्टनं जाणाऱ्यांची संस्कृती लीलाबाईच्या डोक्यावर पदर टाकून दाखवायची. दुसऱ्याच्या पायात काटा घालायचा आणि स्वतः लंगडल्याचं पदक घ्यायचं!

फ्राऊ लोरेन्झ साडेअकराला आली. रंगीत सूर्यास्त, किल्ल्याचं प्रतिबिंब, जांभळं आकाश असं सगळं ओलांडत त्या फोटोपाशी येऊन थांबली. गळ्यातला चष्मा डोळ्यांवर लावला. चिठ्ठी वाचली. मग परत फोटो. लीलाबाई शेजारी उभी, हातात पिशवी घट्ट धरून.

"हे तुमचं किचन?" तिनं विचारलं.

लीलाबाईला जर्मन येत होतं. नाही म्हणता आलं असतं. पण आपल्याच फोटोखाली उभं राहून हा माझा नाही म्हणणारी बाई खोटारडी दिसते, एवढं तिला कळत होतं. तिनं मागं वळून हाक मारली.

"गौरांग! ये इकडं. सांग ह्यायले. तुहं जर्मन माह्यापेक्षा बरं हाये."

गौरांग आला. कोटाला विजेत्याचा बिल्ला. मागं कमिटीतले दोघं कान टवकारून.

"आल्झो," म्हणजे तर, अशी त्यानं सुरुवात केली, "या चित्रात वातावरण थोडं वाढवलंय..."

"चूल खरी आहे का?" फ्राऊ लोरेन्झनं विचारलं.

"खरी म्हणजे, एका अर्थानं, आपल्या सगळ्यांच्या आठवणीतली..."

"जा का नाईन, हो का नाई, एवढंच सांग," लीलाबाई म्हणाली.

गौरांगानं कमिटीकडं पाहिलं. कमिटी सूर्यास्त पाहत होती.

"नाईन."

"भिंत?"

"नाईन."

"हातमोजे होते?"

"जा."

"टोपी?"

"जा."

फ्राऊ लोरेन्झनं चष्मा काढला. "मग यात या बाईचं काय उरलं?"

"डोळे," गौरांग म्हणाला. हे मात्र त्यानं मनापासून म्हटलं.

"डोये बी लाल करून ठेवले," लीलाबाई म्हणाली, आणि ते जर्मनमध्ये स्वतःच सांगितलं.

कोणी हसलं नाही. फ्राऊ लोरेन्झ तर मुळीच नाही. ती म्हणाली, चित्रावरून ती काही ठरवत नसते, चांगल्यावरूनही नाही, वाईटावरूनही नाही. उद्या सकाळी सातला ती किचनात येणार.

बक्षीस गौरांगाकडंच राहिलं. कमिटीनं ठरवलं की आता परत घेतलं तर मंडळाची शोभा होईल. चिठ्ठीवरचं नेकारसुल्म तेवढं पेननं खोडलं. शाई फोटोच्या कडेला लागली, पण ते एडिटिंग कोणाला खटकलं नाही. गौरांगाच्या फोटोला लोकांचे अंगठे येत राहिले. कोणीतरी खाली लिहिलं होतं, "आईच्या हातची चव आठवली." लिहिणाऱ्याची आई बँकेत होती आणि घरी स्वयंपाकाला बाई.

सोमवारी फ्राऊ लोरेन्झ सातला दहा कमी असताना हजर. फ्रिज उघडला, आतला थर्मामीटर पाहिला, शिफ्टआधी मदतीला आलेल्या नामदेवला पंख्याची जाळी काढायला लावली आणि तिच्यावरून बोट फिरवलं. भिंतीवरचा कागद तारखेसकट वाचला. कोपऱ्यातल्या पिवळ्या बादलीवर झाकण हवं म्हणाली. लीलाबाई म्हणाली, आजच आणते. मग बाई म्हणाली, तीन शुक्रवार देऊन पाहू, पुढचं पुढं. लगेच हो म्हणून मोकळी होणाऱ्यातली ती नव्हती, आणि लीलाबाईला तेच बरं वाटलं.

जाताना तिनं मोबाइल काढला. बालवाडीतल्या आईबापांसाठीच्या फलकावर लावायला किचनाचा एक फोटो हवा होता. लीलाबाई टेबलापाशी उभी राहून जाळी परत कशी बसवायची ते नामदेवला सांगत होती, तेवढ्यात फोटो निघालाही. ट्यूबलाइट भडक, टोपी तिरपी, तोंड अर्धं उघडं. फ्राऊ लोरेन्झनं दाखवला आणि विचारलं, दुसरा काढू का?

"नको," लीलाबाई म्हणाली. "मी बोलतच होती."

मग तिनं नामदेवला शिफ्टला पिटाळलं, हात कोपरापर्यंत धुतले, नवे मोजे चढवले आणि पस्तीस डब्यांची तूर भिजत घातली.