दोन थांब्यांचं विमान

कारंज्याच्या एसटी स्टँडवर गरम भज्यांचा वास आला की शेजारची काकू आठवते. लेकीच्या बाळंतपणासाठी ती अमेरिकेला निघाली होती. जावयानं दोन विमानं सुचवली होती. एक महाग, सरळ जाणारं. दुसरं स्वस्त, वाटेत दोनदा बदलायचं. तिनं मला विचारलं, "बापू, कोणतं घेऊ? माहे गुडघे लय दुखून राह्यले." मी विमान फक्त आभाळात पाहिलेलं, पण पायलट मला विचारून विमान वळवतो असं गावभर सांगायचो. ठोकून दिलं, "स्वस्तच घे काकू! एसटीसारखंच असते. जितके थांबे, तितका आराम. उतरायचं, पाय मोकळे करायचे, भजे खायचे." काकूनं ते ऐकलं. परक्या विमानतळावर ती अकरा तास लोखंडी खुर्चीत बसून राहिली. एसटीसारखंच विमानही आपल्याला सोडून निघून जाईल, या भीतीनं लघवीलाही उठली नाही. पाय खांबाएवढे सुजले आणि नऊ महिने भरलेल्या लेकीलाच आईचे पाय शेकावे लागले. ती परतल्यावर मी तोंड चुकवून जात होतो, तर थांबवून म्हणाली, "तुह्यं बरोबरच होतं बापू. थांबा चांगला मोठा होता, मलेच आराम करता आला नाही." तेव्हापासून काकू समोर असली की ती पायलटची गोष्ट मी कुणाला सांगत नाही.