पेटी आत, माणूस बाहेर

२००३ च्या सप्टेंबरात आमच्या एका मोठ्या पंपाचा गिअरबॉक्स फुटला. मी तेव्हा मीना अल-अहमदीला, रिफायनरीची देखभाल करणाऱ्या एका कंत्राटदार कंपनीत इंजिनिअर होतो. नाशिक सोडून कुवेतला येऊन नऊ वर्षं झाली होती. बायको जाब्रियातल्या एका हॉस्पिटलात लॅब टेक्निशियन होती आणि मुलगी दुसरीत होती. आमचं बरं चाललं होतं. हे आधीच सांगतो, कारण पुढे जो राग लिहिणार आहे तो माझ्या स्वतःच्या हालांचा नाही.

गिअरबॉक्स जर्मन बनावटीचा, पण दुबईतल्या एका व्यापाऱ्याकडे तयार मिळाला. त्याच वर्षीच्या जानेवारीपासून आखातातल्या सहा देशांनी आपली जकात एक केली होती. बाहेरचा माल सहांपैकी ज्या देशात पहिल्यांदा उतरेल तिथे एकदा जकात भरायची, मग तो सहाही देशांत मोकळा फिरायचा. वर्तमानपत्रात सहा झेंड्यांची चित्रं आली होती. आमचा खरेदीवाला खुशीत होता. "आता काय, या खोलीतून त्या खोलीत आणायचं," म्हणाला. दुबईहून ट्रक निघाला. मधला मोठा देश ओलांडून दोन-अडीच दिवसांत आमच्या दक्षिणेच्या सीमेवर पोहोचायला हवा होता.

पोहोचलाही. आणि तिथेच थांबला.

चौथ्या दिवशी साहेबांनी मला पिटाळलं. आमचे साहेब कुवेती, वयाने माझ्याहून पाचेक वर्षांनी मोठे, अमेरिकेत शिकलेले, कामाला पक्के. "तिथे नक्की काय अडलंय ते डोळ्यांनी बघून ये," म्हणाले. मी कंपनीच्या मंदूबला, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतली कामं करून आणणाऱ्या आमच्या इजिप्शियन माणसाला, घेऊन निघालो. तासाभराचा रस्ता.

अडलं होतं ते असं. दुबईत जकात भरल्याचा मूळ शिक्क्याचा कागद वाटेतल्या एका नाक्यावर ठेवून घेतला होता आणि ड्रायव्हरच्या हातात झेरॉक्स दिली होती. आमच्या बाजूच्या खिडकीतला माणूस म्हणत होता, मूळ कागद आणा. त्या नाक्याला फोन केला तर तिथला माणूस म्हणत होता, आमच्या नियमाप्रमाणे मूळ कागद आमच्याकडेच राहतो. दोघांच्याही टेबलावर आपापल्या देशाचं परिपत्रक होतं. सहा राजांनी मिळून एक ठराव केला होता, पण त्या ठरावाची परिपत्रकं सहा निघाली होती. खिडकीतला माणूस उद्धट नव्हता. त्याने मला चहा मागवला. "ठराव मलाही माहीत आहे," म्हणाला, "पण माझी सही या कागदाखाली होते, ठरावाखाली नाही."

ट्रक आवारात कडेला उभा होता. ट्रकच्या सावलीत पुठ्ठा अंथरून एक पन्नाशीचा माणूस बसला होता. डाव्या पायाला फडकं बांधलेलं. मी हिंदीत विचारलं, "कितने दिन से हो इधर?"

"चौथा दिन साहब," म्हणाला, आणि मग स्वतःशीच पुटपुटला, "कोणाक काय पडलीहा."

"मालवणी का हो तुम्ही?"

तो चटकन उठायला गेला आणि पाय टेकताच कळवळून पुन्हा खाली बसला. "कुडाळचो मी. तुम्ही मराठी? देव पावलो!"

शारजात अकरा वर्षं तो एकाच ट्रक कंपनीत होता. पाच-सहा जणांच्या बॅचलर खोलीत राहायचा. कुवेतला ही त्याची तिसरी खेप. त्याची अडचण मालापेक्षा वाईट होती. ट्रकवाल्याला कुवेतमध्ये प्रवेश मिळतो तो त्याच्याबरोबरच्या मालाच्या जोरावर. मालाचे कागद पास झाले की त्याच्या पासपोर्टवर शिक्का. मधल्या देशातून तर तो बाहेर पडल्याचा शिक्का घेऊन आला होता. त्या देशात परत शिरायचं तर कुवेतमधून बाहेर पडल्याचा शिक्का हवा. आणि कुवेतमध्ये आत शिरल्याशिवाय बाहेर पडल्याचा शिक्का कुठून मिळणार?

"तेंनी माका भायर काढल्यानी, हे आत घेनत नाय," तो म्हणाला. "मी काय चोरी केलंय?"

मी पायाचं विचारलं. ट्रकच्या तापलेल्या पायरीवर भाजून फोड आला होता, तो फुटला होता. साखरेच्या गोळ्या संपल्या होत्या. नाक्यावर प्रथमोपचाराची खोली होती, तिथे पट्टी बदलून मिळत होती, तेवढीच. मी जवळचं पाणी आणि बिस्किटं दिली आणि म्हणालो, "काका, उद्या होईल सगळं."

आम्ही त्याच्याशी बोलत असताना पलीकडच्या रांगेतून गाड्या जात होत्या. सुट्टीला निघालेली कुवेती कुटुंबं, मागच्या सीटवर मुलं, टपावर सायकली. खिडकीतून हात बाहेर, हातात नागरिकत्वाचं कार्ड. गाडी पुरती थांबायचीही नाही. सहाही देशांचे नागरिक असे शेजारच्या घरी जावं तसे ये-जा करू शकत होते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. शेजाऱ्यांनी असंच राहावं. पण त्या रस्त्यावरचं डांबर कोणी ओतलं होतं, ते नाके कोणी बांधले होते, त्या सहा देशांतला माल कोण वाहत होतं? आमच्यासाठी ते एक घर नव्हतं. आमच्यासाठी सहा कुलपं होती, आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या मालकाच्या खिशात.

रात्री बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मधुमेह आहे आणि पायाला भाजलंय? त्याला डॉक्टर बघायला हवा, तोही उद्याच्या उद्या. तू समजतोस तसली जखम नाही ही."

"तो देशातच आलेला नाही गं," मी म्हणालो.

"पाय तर आलाय ना त्याचा!" ती ओरडली. मग हॉस्पिटलातल्या डॉक्टरांना फोन करून तिने गोळ्या विचारून घेतल्या आणि मलम-पट्ट्यांबरोबर पिशवीत बांधून दिल्या.

दुसऱ्या दिवशी मंदूबने तोडगा काढला. कंपनीने हमीपत्र द्यायचं की मूळ कागद आणून देऊ. तोवर माल कुवेती ट्रकवर चढवून आत न्यायचा. मी पुन्हा सीमेवर गेलो, ड्रायव्हरला पिशवी दिली, गोळ्या कशा घ्यायच्या ते सांगितलं. क्रेन आली. पेटी या ट्रकवरून त्या ट्रकवर गेली. मी चार कागदांवर सह्या केल्या. शेवटचा कागद अरबीत होता. मंदूब म्हणाला, "माल मिळाल्याचा आहे." मी सही ठोकली. आवारातून निघताना ड्रायव्हरने विचारलं, "साहेब, माझा काय?"

"पेटी सुटली, आता तुमचंही सुटेल," मी म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

पंप सुरू झाला. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. मी खूश होतो, हे लिहायला आज लाज वाटते.

दोन दिवसांनी ड्रायव्हरचा फोन आला. आवाज बारीक झाला होता. "पेटी गेली, साहेब. माका हयच ठेवल्यानी."

मी मंदूबला पकडलं. तो खांदे उडवून म्हणाला, "बरोबर आहे. मालाची नोंद बंद झाली. आता त्याच्या ट्रकवर माल नाही. माल नाही तर प्रवेश कशासाठी?"

मी ज्या कागदावर सही केली होती, त्याने पेटी आत घेतली होती आणि त्या माणसाचं आत येण्याचं एकुलतं एक कारण काढून घेतलं होतं. मी न वाचता सही केली होती.

तसाच साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. आवाज चढला होता माझा. "तुमच्या सहा देशांनी एकी केलीय ना? मग त्या एकीत हा माणूस कोणाचा? दुबई-शारजावाल्यांनी व्हिसा दिला, मधल्याने वाट दिली, माल आपला. तिघांपैकी एकानेही त्याला आपला म्हणू नये?"

साहेबांचा चेहरा कडक झाला. "तू पाहुणा आहेस इथे. हे आमच्या घरातलं आहे."

"नऊ वर्षं राहिलेला पाहुणा कधी बघितलाय तुम्ही?" मी म्हणालो. नोकरी गेली असं त्या क्षणी वाटलं.

त्यांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "बस. तुला हे कसं चालतं ते माहीत नाही. वर्षातून एकदा सहाही प्रमुख एकत्र बसतात. महत्त्वाच्या गोष्टीला सहाही जणांचा होकार लागतो. एक जरी नको म्हणाला तरी ती गोष्ट पुढच्या वर्षावर. जिला सगळे हो म्हणतात, ती प्रत्येकाने आपल्या घरी जाऊन आपल्या पद्धतीने लागू करायची. या सहांच्या परिषदेची कचेरी आहे, सरचिटणीस आहे, पण नाक्यावरच्या शिपायाला 'सोड' म्हणायचा अधिकार त्याला नाही. कोणी आपल्या दाराची कडी दुसऱ्याच्या हातात दिलेली नाही. आणि तुमच्यासारख्यांबद्दल," ते अडखळले, "त्याबद्दल तर ठरावच नाही. बाहेरून आलेली माणसं हा प्रत्येक देशाचा आपला आपला प्रश्न."

"म्हणजे मालाचा एक कायदा आणि माणसांचे सहा?"

"मालाचाही अजून झालाय कुठे," ते म्हणाले. आणि किल्ल्या उचलून उभे राहिले. "चल."

त्यांच्या गाडीने गेलो. साहेबांना बघताच दारं उघडत गेली. ड्रायव्हर केबिनमध्ये पडून होता. डिझेल वाचवायला एसी बंद, दोन्ही दारं उघडी. फडकं सोडलं तर अंगठा आणि शेजारचं बोट काळं पडलेलं, वास येत होता. साहेब दोन पावलं मागे सरले. मग तडक अधिकाऱ्याच्या खोलीत गेले आणि पुढचे तीन तास मी काचेतून त्यांचे हातवारे बघत बसलो. जाब्रियातलं हॉस्पिटल तिथून सव्वा तासावर होतं. मी ड्रायव्हरला तेच सांगत होतो, सव्वा तासात पोहोचू, माझी बायको तिथेच आहे.

हॉस्पिटल मिळालं नाही. व्हिसा नाही, माल नाही, आणि आणीबाणीत आत घ्यायचं तर ज्याची परवानगी हवी तो अधिकारी रजेवर. मिळालं ते एवढंच: साहेबांनी पलीकडच्या नाक्यावर ओळख काढून, आल्या वाटेने परत जाण्याची त्याला एकदाची परवानगी मिळवली. तेही स्वतःचं नागरिकत्वाचं कार्ड हमी म्हणून टेबलावर ठेवून. आठव्या दिवशी तो माणूस तसल्या पायाने ट्रक चालवत परत निघाला. क्लच डाव्या पायाचा. मी म्हटलं, "काका, वाटेत त्यांच्या हॉस्पिटलात जा."

"थंय माका थांबाक परवानगी नाय, साहेब. फक्त जावची हा."

शारजात त्याची दोन बोटं कापली. पुढे जखम चिघळली आणि अर्धं पाऊल गेलं. कंपनीने त्याला घरी पाठवलं. कुडाळहून फोन आला तेव्हा मी त्याला सहीचं सांगितलं. माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्ही एकटे तीनदा इलात. बाकी कोण इलो?" त्याने मला दोष दिला नाही, आणि त्यामुळे माझा स्वतःवरचा राग काही कमी झाला नाही.

मी परिषदेच्या मुख्य कचेरीला पत्र लिहिलं. चार पानं, सगळ्या नोंदींसह. बायकोने वाचून विचारलं, "हे उघडणार कोण? सहातला कुठला?" दोन महिन्यांनी उत्तर आलं, छापील कागदावर, अगदी सभ्य. आपण दाखवलेल्या आस्थेबद्दल आभार. सदर बाब सदस्य देशांच्या अखत्यारीतली असल्याने आपण संबंधित देशाकडे संपर्क साधावा. संबंधित देश कुठला, ते लिहिलं नव्हतं. मी इतर दोन देशांच्या वकिलातींना आणि कुवेतच्या परराष्ट्र खात्याला प्रती पाठवल्या. एकीकडून पोच आली. आपल्या दूतावासात गेलो, तर तिथल्या बाबूने विचारलं, "घटना कुवेतमध्ये घडली का?" मी म्हणालो, "कुवेतच्या दारात." तो म्हणाला, "मग आमच्या नोंदीत कशी बसवू?" मी तिथे टेबलावर हात आपटला. चौकीदाराने मला बाहेर आणलं.

पुढच्या चार-पाच वर्षांत एकी वाढत गेली असं पेपरात यायचं. सामायिक बाजारपेठ झाली. कुठल्याही नागरिकाने सहांतल्या कुठल्याही देशात नोकरी करावी, दुकान टाकावं, घर घ्यावं. एक चलन आणायचंही ठरलं, मग एकेक जण त्यातून अंग काढू लागला. कुवेतने तर दिनारची डॉलरशी बांधलेली गाठही आपली आपण सोडली. साहेब हसून म्हणायचे, "बघ, भावाभावांचं असंच असतं." मी हसत नसे.

माझ्या हाताखाली चार माणसं होती आणि एक रबरी शिक्का. मी एक नियम लिहून काढला आणि खाली सही केली. बाहेरून माल घेऊन आलेल्या ड्रायव्हरच्या पासपोर्टवर प्रवेशाचा शिक्का बसल्याचं डोळ्यांनी बघितल्याशिवाय माल मिळाल्याच्या कागदावर आमच्याकडून सही होणार नाही. मग पंप बंद राहिला तरी चालेल. खरेदीवाला चिडला, मंदूब चिडला, वरपर्यंत तक्रार गेली. साहेबांनी तो नियमाचा कागद मागवला, दोनदा वाचला आणि माझ्या सहीखाली आपली सही केली.